विश्लेषण : पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात शाळेच्या वर्गात का वाचली जाते?

मे १७९६. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती. तिथल्या वृत्तपत्रांत एक जाहिरात आली. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओनी जज नावाची मुलगी शनिवारी दुपारी पळून गेली आहे, तिला परत आणणाऱ्याला १० डॉलर बक्षीस मिळेल, अशी. तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके, काळेभोर डोळे, दाट केस, सडपातळ बांधा, सारे वर्णन त्यात होते. तिच्याकडे चांगले कपडे पुष्कळ आहेत, ती स्वतंत्र स्त्री असल्याची बतावणी करील, जहाजाच्या कप्तानांनी तिला घेऊ नये, असेही बजावले होते. आणि आणखी एक गोष्ट होती. ती पळून जाईल असा संशय कोणाला नव्हता आणि तसे करण्यासारखे तिला काहीही झालेले नव्हते.

ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेतील शाळांमध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवताना आज असे कागद थेट विद्यार्थ्यांच्या हातात दिले जातात. पाठ्यपुस्तकात सगळे लिहिलेले असताना हा खटाटोप कशासाठी? आणि त्यावरून वाद का होतो?

पाठ्यपुस्तक पुरेसे का नाही?

२०१५ मध्ये टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळच्या एका विद्यार्थ्याच्या भूगोलाच्या पुस्तकात एक नकाशा होता. अटलांटिक गुलाम व्यापाराने आफ्रिकेतून लक्षावधी ‘कामगार’ अमेरिकेतील मळ्यांवर आणले, असे त्याखाली छापले होते. मुलाच्या आईने तो शब्द समाजमाध्यमांवर दाखवला आणि गदारोळ झाला. प्रकाशकाला चूक मान्य करून मजकूर बदलावा लागला.

चूक एका शब्दाची होती, पण त्या शब्दाने साखळदंड, विक्री आणि मृत्यू सगळे पुसले जात होते. अटलांटिक व्यापाराच्या जहाजांच्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या आहेत. त्यांवरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवले गेले आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, असा अंदाज निघतो. म्हणजे वाटेतच सुमारे १८ लाख दगावली. ‘कामगार’ या शब्दात हे आकडे मावत नाहीत.

‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारावीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकी यादवी युद्धाचे मुख्य कारण विचारले होते. गुलामगिरी हे उत्तर फक्त ८ टक्के विद्यार्थ्यांना देता आले. मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना जो जाहीरनामा काढला, त्यात मात्र कसलाही आडपडदा नाही. आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे तो सुरुवातीलाच सांगतो. युद्धाचे कारण युद्ध पुकारणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे, ते फक्त वाचायला हवे.

प्राथमिक साधने म्हणजे काय?

घटना घडली त्या काळात, तिच्याशी संबंध असलेल्या माणसांनी मागे ठेवलेला पुरावा म्हणजे प्राथमिक साधन. पत्र, जाहिरात, विक्रीची पावती, जनगणनेचे पान, न्यायालयातील जबाब, छायाचित्र, ध्वनिमुद्रण, यांपैकी काहीही. घटना पाहिलेल्या माणसाने पुढे सांगितलेल्या आठवणीही त्यात येतात.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक इथे शतकभराहून अधिक काळ चर्चेत आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले, ते याच आग्रहातून. बखर सांगते त्यावर विसंबू नका, त्या वेळचा कागद काय म्हणतो ते पाहा, हे तत्त्व तेच. अमेरिकेतील शिक्षक ते संशोधकाच्या खोलीतून काढून आठवीच्या बाकावर आणू पाहत आहेत.

हे कागद आता सहज मिळतात. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ यांनी शिक्षकांसाठी मोठे साठे इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ या प्रकल्पात पळून गेलेल्या गुलामांच्या हजारो जाहिराती वाचता येतात.

वर्गात नेमके काय होते?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इतिहासकारासारखे वाचन’ या नावाने पाठ तयार केले. ते अमेरिकेत बरेच वापरले जातात. त्यांत चार सवयी लावल्या जातात. कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला हे आधी पाहायचे. त्या काळात आजूबाजूला काय चालले होते ते समजून घ्यायचे. शब्द न् शब्द नीट वाचायचा. आणि दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायचे.

उदाहरण म्हणून सप्टेंबर १७६९ ची एक जाहिरात घेता येईल. ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये छापलेली. सँडी नावाचा सुमारे ३५ वर्षांचा गुलाम पळाला आहे. तो चांभारकाम करतो, प्रामुख्याने डाव्या हाताने. थोडेफार सुतारकामही त्याला येते, घोड्यावर चांगला बसतो. दारूच्या आहारी गेलेला आणि कावेबाज आहे. जाताना त्याने एक पांढरा घोडा आणि आपली चांभारकामाची हत्यारे नेली आहेत. जाहिरात देणाऱ्याचे नाव थॉमस जेफरसन.

सगळी माणसे समान निर्माण झाली आहेत असे सांगणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच जेफरसन यांनी १७७६ मध्ये लिहिला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आता दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले जातात आणि शिक्षक गप्प बसतो.

मग प्रश्न येऊ लागतात. पळणारा माणूस हत्यारे का नेईल? स्वतःच्या हाताच्या कामावर पोट भरता येईल याची त्याला खात्री होती म्हणून. त्याला कावेबाज कोण म्हणते? ज्याच्या तावडीतून तो निसटला तो. मालकाने माणूस ओळखू यावा म्हणून दिलेल्या वर्णनातून एक कसबी, धाडसी, पुढचा विचार करणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. सँडी पुढे सापडला आणि १७७३ मध्ये जेफरसन यांनी त्याला विकले. हे कळल्यावर वर्गात शांतता पसरली, तर ती शिक्षकाने मोडायची नसते.

ओळखीच्या गोष्टी कागदांनी बदलतात का?

बदलतात. रोझा पार्क्स यांची गोष्ट जगभर सांगितली जाते. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि एक चळवळ पेटली, अशी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या अटकेचा पोलीस अहवाल, पार्क्स यांच्या बोटांचे ठसे आणि बसमधील आसनांचा आराखडा आहे. पार्क्स गोऱ्यांच्या भागात बसल्या होत्या, असे पोलीस अहवालात चालकाच्या हवाल्याने म्हटले आहे. आराखडा मात्र सांगतो की, पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या आणि पार्क्स त्यांच्या मागच्या रांगेत होत्या. एकाच दिवसाबद्दलचे दोन अधिकृत कागद एकमेकांशी जुळत नाहीत. गोऱ्यांचा भाग म्हणजे नेमका कोणता आणि तो कोण ठरवत होते, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलालाही पडतो.

तिसरा कागद आणखी बोलका आहे. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने माँटगोमेरीच्या महापौरांना लिहिलेले पत्र. बसमधील वागणूक सुधारली नाही तर शहरभर बहिष्कार टाकण्याचा विचार अनेक संघटना करत आहेत, असा विनयशील शब्दांतला इशारा त्यात आहे. पत्राची तारीख आहे २१ मे १९५४. म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधीची. त्यात भर म्हणजे मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीला अशाच कारणावरून अटक झाली होती.

एवढे वाचल्यावर ‘दमलेल्या बाई’ची गोष्ट तशी उरत नाही. पार्क्स स्वतः कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार एका संध्याकाळच्या थकव्यातून निघाला नव्हता. बायकांनी वर्षानुवर्षे केलेली तयारी त्यामागे होती. त्यामुळे पार्क्स लहान ठरत नाहीत, पण त्यांच्या भोवतीची माणसे दिसू लागतात.

अस्सल कागद खोटे बोलत नाहीत?

बोलतात, आणि हा या पद्धतीतला सर्वात कठीण धडा आहे. गुलामगिरीबद्दलचे बहुतेक कागद मालकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सरकारी कारकुनांनी लिहिलेले आहेत. अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. त्यामुळे दप्तरात त्यांचा आवाज सहसा सापडत नाही.

१८६० च्या जनगणनेतील गुलामांची यादी पाहिली तर हे लगेच कळते. मालकाचे नाव पूर्ण लिहिलेले. त्याखाली ओळीने वय, लिंग आणि रंग. माणसांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत. त्या वर्षी देशात सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलामगिरीत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांचे नाव राष्ट्रीय जनगणनेत पहिल्यांदा आले ते स्वातंत्र्यानंतर, १८७० मध्ये. आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची वाट आजही अनेकदा त्या वर्षापाशी अडते. कागदात काय लिहिले नाही हेही वाचावे लागते, ते यासाठी.

गुलामांनी स्वतः सांगितलेले तरी विश्वासाने घ्यावे का? १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पातून एकेकाळी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील सुझन हॅमलिन यांची मुलाखत दोनदा झाली. एकदा गोऱ्या बाईने घेतली, एकदा कृष्णवर्णीय पुरुषाने. पहिलीत मालक बराच दयाळू दिसतो. दुसरीत फटके आहेत आणि मुले विकली गेली म्हणून टाहो फोडणाऱ्या आया आहेत.

सांगणारी एकच, मग खरे कोणते? विद्यार्थ्यांना याचे उत्तर शोधताना १९३० च्या दशकातील दक्षिणेकडील राज्ये समजून घ्यावी लागतात. मंदीचा काळ होता, म्हातारी माणसे सरकारी मदतीकडे डोळे लावून बसली होती आणि गोऱ्या माणसासमोर काय बोलावे, काय गिळावे हे जन्मभराच्या अनुभवाने ठरत होते. कोण विचारतो यावर काय सांगितले जाते हे अवलंबून असते, एवढे कळले तरी तो तास सत्कारणी लागला.

हे केव्हापासून सुरू झाले?

या कामाचा पाया कार्टर जी. वुडसन यांनी घातला. १८७५ मध्ये जन्मलेल्या वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले होते. कोळशाच्या खाणीत राबत असताना ते सोबतच्या कामगारांना वर्तमानपत्रे वाचून दाखवत. विसाव्या वर्षी ते माध्यमिक शाळेत गेले आणि १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले.

१९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी नियतकालिक काढले. त्याच्या १९१६ च्या एका अंकात त्यांनी पळून गेलेल्या गुलामांच्या अठराव्या शतकातील जाहिराती छापल्या होत्या. म्हणजे आज वर्गात वाचली जाणारी साधने वुडसन यांनी शंभर वर्षांपूर्वीच हेरली होती. १९३७ मध्ये त्यांनी खास शाळांसाठी वेगळे मासिकही सुरू केले.

फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस त्याच महिन्यात साजरे होत असत. १९७६ मध्ये त्या सप्ताहाचा महिना झाला. या परंपरेला २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.

मग वाद कशाचा आहे?

२०२१ पासून अमेरिकेतील अनेक राज्यांनी वंशविषयक शिक्षणावर निर्बंध घालणारे कायदे केले. वंशामुळे कोणाला अपराधी वाटावे असे काही शिकवले जाऊ नये, असा त्यांचा साधारण आशय. इतिहास जरूर शिकवा, पण आजच्या मुलांच्या डोक्यावर पूर्वजांच्या कृत्यांचे ओझे ठेवू नका, असे समर्थक म्हणतात. कायद्यांची भाषा इतकी मोघम आहे की तक्रार होईल या भीतीने शिक्षक विषयच टाळतात, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

फ्लोरिडा हे या वादाचे ठळक उदाहरण. कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणे त्या राज्यात १९९४ पासून बंधनकारक आहे. तरीही जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचा नवा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. ठरावीक अस्सल साधने वाचणे हा त्या अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने आणलेल्या नव्या निकषांत, गुलामांनी मिळवलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या वैयक्तिक फायद्याची ठरली, असे वाक्य आले आणि देशभर टीका झाली.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने हा वाद शाळांबाहेर, सरकारी संग्रहालये आणि स्मारकांपर्यंत नेला. देशाचा इतिहास नकारात्मक रंगवला जात आहे, असा त्या आदेशाचा सूर आहे.

अशा वेळी शिक्षकाच्या हाती कागद उरतो. कौशल्यांबद्दलच्या वाक्यावर भाषण करण्याची गरज नाही. सँडीची जाहिरात पुन्हा काढता येते. कौशल्य होते का? होते. त्याची कमाई कोणाची होती? मालकाची. ते स्वतःच्या फायद्यासाठी वापरायला त्याला काय करावे लागले? पळावे लागले. हा निष्कर्ष शिक्षक सांगत नाही, तो मुलांनी स्वतः काढलेला असतो. अर्थात कोणता कागद वर्गात आणायचा ही निवड शिक्षकाचीच असते. म्हणून एकच बाजू दाखवणारा कागद निवडण्याचा मोह त्यालाही टाळावा लागतो.

कोणती काळजी घ्यावी लागते?

गुलामांचा बाजार वर्गात ‘खेळून’ दाखवण्याचे प्रकार अमेरिकेत वारंवार झाले आणि त्यावर पालकांचा संताप ओढवला. कृष्णवर्णीय मुलाला विक्रीला उभे करून इतिहास कळत नाही, अपमान मात्र होतो. कागद वाचणे आणि सोंग काढणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी काळजी निवडीची. सगळे कागद फटक्यांचे आणि विक्रीचेच असतील तर कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हणजे फक्त सोसणे, असे मुलांना वाटते. गुलामगिरी संपल्यावर वृत्तपत्रांत ‘माहिती हवी’ अशा जाहिराती येऊ लागल्या. विकली गेलेली आई, भाऊ, मुलगी यांचा शोध घेणाऱ्या. विलानोव्हा विद्यापीठाच्या प्रकल्पाने अशा जाहिराती गोळा केल्या आहेत. पूर्वी मालक पळालेल्यांना शोधत होते, आता ताटातूट झालेली माणसे एकमेकांना शोधत होती. दोन्ही प्रकारच्या जाहिराती लागोपाठ वाचल्या की काय बदलले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

संबंध जुना आहे आणि तोही कागदावर आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका हेही एक प्राथमिक साधनच.

१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की तो अभ्यास आवश्यकच ठरतो, असे त्यांनी नमूद केले. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले. ही दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि मोबाइलवरही वाचता येतात. इथल्या एखाद्या नववीच्या वर्गात ती वाचायला वेगळी परवानगी लागत नाही.

त्या जाहिरातीचे पुढे काय झाले?

ओना जज सापडली नाही, असे नाही. ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचल्याचे वॉशिंग्टन यांना कळले होते. तिला नोकरासारखे नव्हे, घरच्या मुलीसारखे वाढवले, तरी ती कृतघ्न निघाली, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. तिला परत आणण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फसले.

वर्गात या जाहिरातीबरोबर वॉशिंग्टन यांचे १७९१ चे पत्रही वाचता येते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने सलग राहिलेल्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येत होते. ती मुदत भरू नये म्हणून आपल्या गुलामांना काही निमित्ताने राज्याबाहेर पाठवावे आणि ते निमित्त असे असावे की त्यांना आणि लोकांनाही खरे कारण कळू नये, अशी सूचना त्यांनी सचिवाला केली होती. ‘तिला काहीही झालेले नव्हते’ हे वाक्य त्यानंतर पुन्हा वाचायचे.

आणि शेवटचा कागद १८४५ चा. वृद्ध झालेल्या ओना जज यांनी न्यू हॅम्पशायरमधील एका वृत्तपत्राला आपली हकिकत सांगितली. मालकिणीच्या नातीला आपण दिले जाणार हे त्यांना कळले होते. घरचे लोक व्हर्जिनियाला जाण्याची बांधाबांध करत होते, तेव्हा त्या स्वतःची बांधाबांध करत होत्या. घरची मंडळी जेवायला बसली असताना त्या निघून गेल्या. ज्या कप्तानाने त्यांना नेले त्याचे नाव त्यांनी तो मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. इतके हाल काढल्यावर पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या, कारण आपण स्वतंत्र आहोत.

कायद्याने त्या १८४८ मध्ये मरेपर्यंत फरारीच होत्या. त्या पळाल्या तेव्हा जाहिरातीला कारण दिसले नव्हते. ते सांगायला त्यांना ४९ वर्षांनी संधी मिळाली. ती जाहिरात वर्गात वाचली जाते, तेव्हा त्यांचे उत्तरही तिच्याबरोबर वाचले जावे, यासाठी हा सारा खटाटोप आहे.